प्रपंच सांभाळून स्पॅनिश

(नभोवाणीवरील भाषण)

भाषा शिकण्याचें वय कोणतें, असा प्रश्न केला तर दहांपैकीं नऊ माणसें 'लहानपण' असेंच उत्तर देतील. मूल ऐकत ऐकत बोलूं लागतें. त्याला व्याकरण पाठ करावें लागत नाहीं आणि चुकल्याची लाजहि वाटत नाहीं. प्रौढ माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या मागें नोकरी आहे, बाजारहाट आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, वडील माणसांचीं औषधें आहेत. अशा माणसानें एखादी परकी भाषा, आणि तीहि शिक्षकावांचून, स्वतःची स्वतः शिकूं म्हणणें हा निव्वळ हट्ट होय, असें पुष्कळांस वाटतें. आज या समजुतीचाच थोडा समाचार घेण्याचें मीं योजिलें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्रौढ माणसाजवळ वेळ थोडा असला तरी एक मोठें भांडवल असतें, आणि तें म्हणजे त्याची मुरलेली मातृभाषा. मराठी माणूस स्पॅनिश शिकूं लागला म्हणजे हें भांडवल त्याच्या जितकें उपयोगी पडतें, तितकें त्याचें इंग्रजीहि पडत नाहीं.

प्रथम या भाषेची थोडी ओळख करून देतों. स्पेन, मेक्सिको, क्यूबा, पेरू, चिली, अर्जेंटिना अशा २० स्वतंत्र देशांचा कारभार आज स्पॅनिशमध्यें चालतो. ४५ कोटींहून अधिक लोकांची ती जन्मभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघानें मान्य केलेल्या ६ भाषांपैकीं ती एक आहे. आंतोनिओ दे नेब्रिखा या पंडितानें १४९२ सालीं तिचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं कोलंबस अटलांटिक महासागर ओलांडून गेला. पुढें जहाजांमागून भाषाहि गेली, आणि आज स्पेनमध्यें ती बोलणारांपेक्षां अमेरिका खंडांत ती बोलणारांची संख्या कितीतरी पटींनीं मोठी झाली आहे.

इतकी मोठी भाषा म्हणून मी तिच्याकडे वळलों असें मात्र नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेंत मराठी आणि गणित शिकविण्यांत हयात घालविलेला मनुष्य आहें. माझें इंग्रजी बेताचें. माझ्या मुलाचा विवाह मेक्सिकोंतील एका मुलीशीं ठरला, तेव्हां माझ्या नोकरीचीं शेवटचीं चार वर्षें उरलीं होतीं. सकाळीं शाळा, दुपारीं तक्ते आणि याद्या, संध्याकाळीं अंथरुणाला खिळलेली आई, असा तो काळ होता. सूनबाईंना इंग्रजी येतें. परंतु व्याही आणि विहीणबाई यांना स्पॅनिशवांचून दुसरी भाषा येत नसे. जन्माचा संबंध जडला, आणि दोन्हीकडच्या वडील माणसांनीं एकमेकांकडे पाहून नुसतें हसावें, बोलावयाचें झालें तर मुलाला किंवा सुनेला मध्यें उभें करावें, हें मनाला बरें वाटेना. दुभाष्यामार्फत कुशल विचारतां येतें, देणें-घेणें ठरवितां येतें. परंतु कोणाचें सांत्वन करतां येत नाहीं. तेव्हां जें साधेल तें साधावें असें ठरवून मीं आरंभ केला.

बाजारांत मिळणारीं बहुतेक स्वयंशिक्षक पुस्तकें इंग्रजी जाणणारासाठीं लिहिलेलीं असतात. त्यांत पानोपानीं 'ही गोष्ट कठीण आहे, येथें सावध राहावें' अशा सूचना असतात. चार-सहा आठवड्यांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं, यांतल्या निम्म्याहून अधिक सूचना आपल्याला नकोतच. ज्या ठिकाणीं इंग्रज विद्यार्थी अडखळतो, त्या ठिकाणीं मराठी माणूस घरच्या वाटेनें चालल्यासारखा जातो. याचीं कांहीं उदाहरणें देतों.

उच्चारापासून आरंभ करूं. स्पॅनिशमध्यें आ, ए, इ, ओ, उ असे पांचच स्वर आहेत, आणि ते प्रत्येक ठिकाणीं स्वच्छ उच्चारले जातात. त, द, प, क हे वर्ण आपल्यासारखेच आहेत; 'ताको' म्हणतांना 'त' दंत्य उच्चारावयाचा, इंग्रजीप्रमाणें 'ट' नव्हे, आणि त्यांत 'ह'काराची फुंकहि येऊं द्यावयाची नाहीं. इंग्रज माणसाला ही फुंक आवरण्यास महिनेच्या महिने लागतात; आपली वर्णमाला ती आपल्याला पहिलींतच शिकविते. अल्पप्राण आणि महाप्राण यांतील भेद ज्याच्या कानांत लहानपणापासून बसला आहे, त्याला येथें शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. 'र' दोन प्रकारचा आहे. एक आपला साधा. दुसरा जिभेचें टोक थरथरवून काढावयाचा. 'पेरो' म्हणजे 'परंतु' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. चिमणी 'भुर्र' उडाली असें लहान मुलाला सांगतांना आपण जो लांबविलेला 'र' काढतों, तोच हा. हकाराचें अक्षर लिहितात पण उच्चारीत नाहींत. आणि इंग्रजींत ज्याला आपण 'जे' म्हणतों त्या अक्षराचा उच्चार घशांतून येणाऱ्या 'ख'च्या जवळपास होतो. आघाताचा नियमहि सुटसुटीत आहे. शब्दाच्या शेवटीं स्वर, 'न' किंवा 'स' असल्यास उपान्त्य अवयवावर जोर, एरव्हीं शेवटच्या अवयवावर; याला अपवाद असेल तेथें अक्षरावर खूण केलेली असते. सारांश, लिहिलेलें वाचतां येतें. इंग्रजीची वर्तनी घोकलेल्या माणसाला हा केवढा दिलासा आहे हें सांगावयास नकोच.

आतां व्याकरणाकडे वळूं. 'मला कॉफी आवडते' हें वाक्य घ्या. इंग्रजींत याचा कर्ता 'मी'. स्पॅनिशमध्यें म्हणतात, 'मे गुस्ता एल काफे'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते, 'काफे' म्हणजे कॉफी. आंबे म्हणावयाचे असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबे अनेक म्हणून क्रियापदहि अनेकवचनी, अगदीं 'आवडतात'प्रमाणें. इंग्रजी पुस्तकांत यावर पुरा एक धडा असतो. मराठी माणसाला एक ओळ पुरते. कामाच्या गडबडींत असलेल्या माणसाचें नेहमींचें गाऱ्हाणेंहि याच सांच्यांत बसतें: 'मे फाल्ता तिएम्पो', म्हणजे मला वेळ अपुरा पडतो.

दुसरें उदाहरण भूतकाळाचें. 'आजोबा बाजारांत गेले' आणि 'आजोबा बाजारांत जात असत' या दोहोंतला फरक आपल्याला कोणी शिकविलेला नाहीं. पहिली एकदां घडून गेलेली गोष्ट, दुसरी नित्याची रीत. स्पॅनिश हा भेद काटेकोरपणें पाळते: गेले म्हणजे 'फुए', जात असत म्हणजे 'इबा'. इंग्रजींत बहुधा दोन्हीकडे एकच रूप चालून जात असल्यामुळें त्या वाटेनें येणाराला हा विषय दुर्घट वाटतो. आपण मनांत मराठी वाक्य योजावें आणि 'असे' किंवा 'असत' येतें कीं काय तें पाहावें. बहुतेक वेळां निकाल तेथेंच लागतो.

तिसरें उदाहरण विध्यर्थाचें. 'तूं यावेंस अशी माझी इच्छा आहे' यांतलें 'यावेंस' हें रूप 'येतोस'पेक्षां निराळें कां, याचा विचारहि आपल्या मनांत येत नाहीं. स्पॅनिशमध्यें 'किएरो के बेंगास' म्हणतात. त्यांतलें 'बेंगास' हें असेंच इच्छेच्या, शंकेच्या किंवा आशेच्या पोटीं येणारें निराळें रूप आहे. पाऊस पडावा, मुलगा सुखरूप पोंचावा, देवानें बरें करावें, हीं वाक्यें ज्याच्या तोंडीं रुळलीं आहेत त्यानें या प्रकरणाला भिण्याचें कारण नाहीं.

आणखी दोन बारीक गोष्टी सांगतों; त्या पाहून मला स्वतःला नवल वाटलें. 'मी घर पाहतों' परंतु 'मी भावाला पाहतों', असें आपण बोलतों. निर्जीव वस्तूला 'ला' लागत नाहीं, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्येंहि 'बेओ ला कासा' म्हणजे घर पाहतों, पण 'बेओ आ मी एर्मानो' म्हणजे भावाला पाहतों. माणसापूर्वीं 'आ' हें अव्यय यावयाचेंच. दुसरें असें कीं, क्रियापदाच्या शेवटावरूनच कर्ता कळतो. 'आब्लो' म्हणजे बोलतों, 'आब्लास' म्हणजे बोलतोस, 'आब्ला' म्हणजे बोलतो. आपण ज्याप्रमाणें 'मी' आणि 'तूं' गाळून बोलतों त्याप्रमाणेंच तेहि बोलतात.

वडीलधाऱ्यांशीं बोलण्याची रीतहि परकी नाहीं. बरोबरीच्या माणसाला 'तू', मोठ्या माणसाला 'उस्तेद'. हा दुसरा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या आदरवचनापासून झिजत झिजत आला आहे, आणि म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतें. 'रावसाहेब केव्हां आले?' असें रावसाहेबांनाच विचारणाऱ्या समाजाला यांत अवघड तें काय?

शब्दांच्या बाबतींतहि आपण अगदींच रिकाम्या हातानें जात नाहीं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या पोटच्या सख्ख्या बहिणी. गोव्याच्या आणि वसईच्या वाटेनें पोर्तुगीजांचे पुष्कळ शब्द मराठींत येऊन कायमचे राहिले. त्यामुळें आपला 'पगार' स्पॅनिशमध्यें 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणें, या रूपानें भेटतो. 'बिजागरी' ही 'बिसाग्रा' होऊन, 'बालदी' ही 'बाल्दे' होऊन आणि 'मेस्त्री' हा 'माएस्त्रो' होऊन भेटतो. मेक्सिकोंत 'माएस्त्रो' हा शब्द शाळामास्तरालाहि लावतात, आणि कसबी कारागिरालाहि. दुसरा प्रवाह अरबीचा. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमानी राज्यें होतीं, आणि त्या काळांत अरबी शब्द स्पॅनिशमध्यें शिरले. इकडे फारसीच्या द्वारें तेच शब्द आपल्याकडे आले. कांहीं तर मूळचे आपल्याच देशांतून तिकडे गेलेले. आपली शर्करा 'आसूकार' झाली आहे, नारिंग 'नारांखा' झालें आहे, चतुरंगाचा डाव 'आखेद्रेस' झाला आहे. आपण ज्याला 'अमका फलाणा' म्हणतों, त्याला ते 'फुलानो' म्हणतात. हे शब्द पाठ करावे लागत नाहींत. त्यांच्याशीं जुनें नातें आठवलें म्हणजे झालें.

याचा अर्थ सारेंच सोपें आहे असा नव्हे. जेथें मराठी साह्य करीत नाहीं, किंबहुना आडवी येते, अशीं स्थळेंहि सांगितलीं पाहिजेत. आपलीं विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययें नामाच्या मागून येतात, त्यांचीं नामाच्या आधीं. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं बसतें, त्यांचें बहुधा मध्यें. 'मीं आंबा खाल्ला, मीं पोळी खाल्ली' असें आपलें क्रियापद कर्माच्या मागें जातें. त्यांचें कधींच जात नाहीं, खाणारा मी म्हणून दोन्हीकडे 'कोमी'. लिंगें दोनच असल्यामुळें एकाचा भार कमी होतो, आणि 'पांढरा घोडा, पांढरी गाय' याप्रमाणें 'काबायो ब्लांको, बाका ब्लांका' असें विशेषणहि बदलतें. परंतु कोणतें नाम कोणत्या लिंगाचें हें नामाबरोबरच पाठ केलें पाहिजे. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी. सर्वांत मोठी अडचण म्हणजे 'आहे' या एका क्रियापदासाठीं त्यांचीं दोन आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. स्थूलमानानें पहिलें स्वभाव किंवा ओळख सांगतें, दुसरें अवस्था किंवा ठिकाण. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. येथें नियमापेक्षां पुष्कळ वाक्यें कानांवरून जाणें हाच खरा उपाय.

आतां वेळेचा प्रश्न. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी शिक्षणसंस्था आहे, तिच्या अंदाजाप्रमाणें इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती चांगली स्पॅनिश येण्यास वर्गांतले सुमारें ६०० ते ७५० तास लागतात. आंकडा ऐकून दचकूं नये. त्याचा भागाकार करावा. रोज अर्धा तास धरला तर चार वर्षांत ७३० तास भरतात. शिवाय हा हिशेब वकिलातींत काम करणारांचा आहे. क्षेमकुशल विचारणें, पत्ता समजून घेणें, स्वयंपाक, प्रकृति, पाऊसपाणी यांविषयीं बोलणें, एवढेंच ज्याला हवें आहे त्याला याहून पुष्कळ थोड्यांत भागतें. म्हणून आरंभींच आपण ही भाषा कोणाशीं आणि कशाविषयीं बोलणार आहों, हें ठरवावें. हेतु नेमका असला म्हणजे हजारों शब्द आपोआप बाजूला पडतात. मला मेक्सिकोंतील मंडळींशीं बोलावयाचें होतें. स्पेनमध्यें 'तुम्ही सर्व' या अर्थीं जें एक निराळें रूप चालतें, तें तिकडे बोलण्यांत नसतें. तेव्हां क्रियापदाच्या प्रत्येक काळांतलें एकेक रूप मला प्रथम शिकावेंच लागलें नाहीं.

हा अर्धा तास एकसंध मिळेल अशी वाट पाहणारा माणूस कधींच आरंभ करीत नाहीं. त्याचे तीन तुकडे करावे आणि प्रत्येक तुकडा रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधून टाकावा. सकाळच्या चहाबरोबर दहा मिनिटें शब्दांची उजळणी, मोठ्यानें म्हणून. जातांयेतां बसमध्यें किंवा आगगाडींत पंधरा मिनिटें श्रवण. रात्रीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें लेखन. त्या दिवसाविषयीं तीन साधीं वाक्यें, अधिक नाहींत. एखादा दिवस बुडेल, प्रपंच आहे. परंतु लागोपाठ दोन दिवस बुडूं देऊं नयेत, एवढा एक नेम पाळावा.

शब्द लक्षांत राहत नाहींत ही प्रौढांची ठरलेली तक्रार. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं असें दाखवून दिलें कीं, शिकलेली गोष्ट प्रथम फार झपाट्यानें विसरली जाते आणि पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. यावरून निघणारा धडा असा कीं, उजळणी आरंभीं लवकर लवकर करावी आणि पुढें अंतर वाढवीत न्यावें. सेबास्टियन लाइटनर या लेखकानें १९७२ सालीं याची एक सोपी युक्ति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. मीं ती घरगुती साहित्यांत बसविली. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस स्पॅनिश. मिठाईच्या खोक्याला पुठ्ठ्याचे पडदे घालून पांच खण केले. नवी चिठ्ठी पहिल्या खणांत. तो रोज पाहावयाचा. शब्द आठवला तर चिठ्ठी दुसऱ्या खणांत, जो एक दिवसाआड पाहावयाचा; मग तिसऱ्यांत चार दिवसांनीं, चौथ्यांत आठवड्यानें, पांचव्यांत पंधरवड्यानें. आठवला नाहीं तर चिठ्ठी पुन्हां पहिल्या खणांत. वर्गांत ज्याप्रमाणें कच्च्या मुलाकडे गुरुजींनीं अधिक लक्ष द्यावयाचें, त्याप्रमाणें येथें कच्च्या शब्दाकडे आपोआप अधिक लक्ष जातें. रोज सातच नवे शब्द घ्यावे. वर्षाचे २,५५५ होतात. त्यांतले एकतृतीयांश विसरले असें धरलें तरी उरलेले घरगुती बोलण्यास भरपूर आहेत. मात्र सुटा शब्द न लिहितां तो छोट्या वाक्यांत लिहावा. 'चावी' एवढेंच न लिहितां 'चावी कोठें आहे?' असें लिहावें, म्हणजे शब्दाबरोबर त्याचें लिंग आणि वागणूक हींहि ध्यानांत राहतात.

श्रवणाविषयीं एकच सूचना. सात निरनिराळे उतारे एकेकदां ऐकण्यापेक्षां दोन मिनिटांचा एकच उतारा सात वेळां ऐकावा. प्रथम नुसता ऐकावा, मग छापील मजकूर डोळ्यांपुढें धरून, आणि शेवटीं बोलणाराच्या मागोमाग आपणहि म्हणत जावें. पूर्वीं यासाठीं ध्वनिमुद्रिका शोधाव्या लागत. आज स्पेनच्या राष्ट्रीय नभोवाणीचे कार्यक्रमहि इंटरनेटवर घरबसल्या ऐकतां येतात. ज्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचें असेल, त्यांच्यासाठीं स्पेन सरकारनें १९९१ सालीं स्थापिलेली सर्व्हांतेस संस्था आहे. तिची शाखा नवी दिल्लींत आहे आणि तिच्या परीक्षांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत.

आतां शेवटची गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची. प्रौढ माणूस वेळेच्या अभावीं जितका मागें राहतो, त्याहून अधिक संकोचामुळें राहतो. ज्यानें आयुष्यभर नीट बोलून मान मिळविला, त्याला बोबडें बोलणें नको वाटतें. 'आधीं चांगली येऊं दे, मग बोलेन' असें तो म्हणतो, आणि तो दिवस कधींच उजाडत नाहीं. माझ्या शाळेंत वाचतांना अडखळणारीं मुलें पुष्कळ येत. त्यांतलीं जीं अडखळत कां होईना पण मोठ्यानें वाचीत, तीं दिवाळीपर्यंत सुधारत. जीं गप्प राहत, तीं तेथेंच राहत. हा नियम साठीच्या माणसालाहि लागू आहे. पहिल्या आठवड्यापासून बोलावें. आमचा शिरस्ता असा ठरला: रविवारीं सकाळीं आठ वाजतां मीं फोन करावयाचा, तेव्हां मेक्सिको शहरांत शनिवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. आरंभीं पांच मिनिटें बोलणें होई. मला कळलें नाहीं म्हणजे मी 'मान्दे?' म्हणें. 'काय म्हणालांत?' हें अदबीनें विचारण्याची ती मेक्सिकोची खास रीत आहे, आणि त्या एका शब्दावर माझे पहिले सहा महिने निभावले. विहीणबाई तेंच वाक्य सावकाश पुन्हां म्हणत. पुढें पुढें त्या मला मिरच्यांचे प्रकार सांगूं लागल्या आणि मी त्यांना आमच्या ठेच्याची कृति.

चौथ्या वर्षीं व्याही अकस्मात् वारले. मुलगा आणि सूनबाई प्रवासांत होतीं. दुभाष्या कोणी नव्हता. मीं विहीणबाईंना फोन केला आणि त्यांच्या भाषेंत जें म्हणावयाचें तें म्हटलें: 'ला आकोम्पान्यो एन सु दोलोर.' तुमच्या दुःखांत मी तुमच्या सोबत आहें, असा त्याचा अर्थ. त्यानंतर अर्धा तास त्याच बोलत होत्या. त्यांतलें निम्में मला कळलें, निम्में कळलें नाहीं; परंतु त्यांना तें कोणाच्या मार्फत सांगावें लागलें नाहीं. चार वर्षांच्या चहाच्या वेळा आणि बसमधलीं पंधरा पंधरा मिनिटें यांचा हिशेब त्या दिवशीं चुकता झाला असें मीं समजलों.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाची मुलगी परदेशीं असेल, कोणाला व्यापारासाठीं पत्रव्यवहार करावयाचा असेल, कोणाला एखादा कवि त्याच्याच शब्दांत वाचावयाचा असेल. कारण कोणतेंहि असो, तें खरें असावें म्हणजे झालें. वय आड येत नाहीं. इंग्रजी चांगलें नसणें तर मुळींच आड येत नाहीं. जी भाषा आपण आईच्या मांडीवर शिकलों, तिनें आपल्याला अल्पप्राण आणि महाप्राण शिकविले, 'गेला' आणि 'जात असे' यांतला भेद शिकविला, 'यावें' आणि 'करावें' शिकविलें, वडिलांशीं कसें बोलावें तेंहि शिकविलें. या शिदोरीवर दुसऱ्या भाषेच्या दारापर्यंत सहज जातां येतें. पुढें दार उघडण्यास रोजचा अर्धा तास आणि थोडा निःसंकोचपणा एवढेंच लागतें. थेंबें थेंबें तळें सांचतें, हें आपण मुलांना सांगत आलों आहों. आतां तें स्वतःस सांगावें. उद्यां सकाळीं चहाचा पेला हातांत घ्याल तेव्हां सात शब्द लिहून मोठ्यानें म्हणा. घरांतलीं मुलें हसतील, हसूं द्यावीं. आठवड्याभरानें तींच तुम्हांला शब्द विचारूं लागतील.